कर्तबगारीचा हिशेब



दर मंगळवारीं दुपारीं तीन वाजतां आमच्या तालुक्याच्या गांवांतील एका लहानशा खोलींतून इंटरनेटवर एक रेडिओ-कार्यक्रम ध्वनिक्षेपित होतो. गांवांतील अगर पंचक्रोशींतील एखादी कर्तबगार स्त्री तेथें येते आणि अर्धा-पाऊण तास आपल्या कामाविषयीं बोलते. तिला प्रश्न विचारण्याचें काम गेलीं तीन वर्षें मजकडे आहे. त्या अनुभवावर आज चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, म्हणून हें भाषण.

प्रथम एका शंकेचें निरसन केलें पाहिजे. स्त्रियांच्या कार्यक्रमाच्या खुर्चीवर मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त मास्तर कशाला, असें अनेकांनीं विचारलें आहे, आणि ही शंका रास्त आहे. दाखलाच द्यावयाचा तर लंडनच्या बी. बी. सी. नें ७ ऑक्टोबर १९४६ रोजीं ‘वुमन्स अवर’ हा स्त्रियांचा कार्यक्रम सुरू केला, त्याचे पहिले निवेदक ॲलन आयव्हिमी नांवाचे एक गृहस्थच होते. परंतु पुढें ती जागा स्त्रियांनीं घेतली आणि तो कार्यक्रम आजहि त्यांच्याच आवाजांत चालू आहे. म्हणजे दाखला अर्धा माझ्या बाजूचा, अर्धा विरुद्ध. माझ्या बाजूनें सांगण्यासारखें एवढेंच कीं, सारा जन्म मुलांना प्रश्न विचारण्यांत गेल्यामुळें उत्तराची वाट पाहण्याची संवय मला लागलेली आहे. शिवाय इकडच्या बहुतेक घरांत मला ‘गुरुजी’ म्हणून ओळखतात. त्यामुळें कोणाची सून माझ्यासमोर येऊन बोलली तर कोणाच्या भुवया वर चढत नाहींत. योग्य बाई मिळतांच खुर्ची रिकामी करण्याची माझी तयारी आहे. दोघींना विचारून झालें. दोघींनींहि सांगितलें कीं त्यांना पगाराचीं कामें आहेत, आणि हें बिनपगारी.

आमच्या लहानपणीं रेडिओ म्हणजे आकाशवाणी. मुंबई केंद्रावर दुपारीं ‘वनिता मंडळ’ लागे, आणि आमच्या आया-मावश्या भाजी निवडतां निवडतां तें ऐकत. बोलणाऱ्या बहुधा शहरांतल्या, शिकल्या-सवरलेल्या. गांवची बाई ऐके. बोलण्याची पाळी तिच्यावर क्वचितच येई. जुन्या लेखकांनीं रेडिओला ‘नभोवाणी’ असा सुरेख शब्द योजला होता. इंटरनेटवरील रेडिओला मात्र तो नीटसा लागू पडत नाहीं, कारण हा आवाज बहुतेक वाट तारांतून आणि कांचेच्या तंतूंतून, प्रसंगीं समुद्राच्या तळावरून काटतो. नभाशीं त्याचा संबंध थोडा. ही केवळ शब्दाची गंमत नव्हे. आकाशांतील लहरी मोजक्या असतात, म्हणून त्यांवर बोलावयाचें तर सरकारचा परवाना लागतो. आणि परवान्याची वाट पाहतां पाहतां बायकांचें आयुष्य कसें सरतें याचें एक उदाहरण फार दूरचें नाहीं.

पूर्वींच्या मेदक जिल्ह्यांतील, आतां तेलंगणांत असलेल्या झहिराबादजवळ माचनूर म्हणून एक खेडें आहे. तेथील दलित शेतकरी स्त्रियांच्या संघांपाशीं १९९८ च्या सुमारास रेडिओची सारी सामग्री तयार होती. परवाना मात्र नव्हता. न्यायमूर्ति पी. बी. सावंत यांनीं फेब्रुवारी १९९५ मध्यें सर्वोच्च न्यायालयांतून असा निर्णय दिलेला होता कीं, आकाशांतील लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तरी सार्वजनिक संस्थांना असें केंद्र चालविण्याची मुभा मिळावयास २००६ साल उजाडावें लागलें. मधल्या काळांत त्या बायका स्वस्थ बसल्या नाहींत. बी-बियाणें, औषधी पाला, सणांचीं गाणीं यांविषयींचे कार्यक्रम त्या फितींवर भरीत आणि संघाच्या बैठकींत लावून ऐकत. अखेर १५ ऑक्टोबर २००८ रोजीं त्यांचें ‘संघम् रेडिओ’ सुरू झालें, आणि उद्घाटनास तेच न्यायमूर्ति सावंत गेले होते. त्यांचा निर्णय आणि तें उद्घाटन यांत तेरा वर्षें गेलीं.

आमच्या सातारा जिल्ह्यांतहि म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हें केंद्र २००८ सालींच सुरू झालें. तें ज्या स्त्रियांच्या संस्थेनें काढलें तिची बँकेची कथा पुष्कळांनीं ऐकली असेल. पण मला ती आमच्या कार्यक्रमाची गुरुकिल्ली वाटते म्हणून सांगतों. चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानें तेथील स्त्रियांनीं सहकारी बँकेसाठीं अर्ज केला. प्रवर्तक स्त्रियांपैकीं अनेकींना लिहितां-वाचतां येत नाहीं म्हणून रिझर्व्ह बँकेनें तो नाकारला. तेव्हां त्या स्वतः मुंबईस गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या कीं, तुम्ही वाटेल ती मुद्दल सांगा, आम्ही व्याज तोंडीं काढून दाखवितों. तुमचे लोक यंत्रावर काढूं देत. १९९७ सालीं बँकेस परवाना मिळाला. या बायकांनीं ‘आम्ही किती सोसलें’ असें सांगितलें नाहीं. व्याजाचा हिशेब करून दाखविण्याची तयारी दाखविली.

आमच्याकडे ‘कर्तबगार’ हा शब्द बहुधा शाल आणि श्रीफळ यांच्या सोबतीनें येतो. ८ मार्चला सत्कार असतो. बाई व्यासपीठावर बसलेली असते. तिच्याविषयीं आमदार बोलतात, अध्यक्ष बोलतात, तिचे यजमान बोलतात. आणि शेवटीं ‘दोन शब्द’ म्हणून तिच्यापुढें ध्वनिक्षेपक येतो तेव्हां लोक चहाकडे वळलेले असतात. भाषणांत त्याग असतो, सोशिकपणा असतो. ती नेमकें काय करते तें मात्र नसतें. आम्हीं ठरविलें कीं आपण उलट करावयाचें. गुणांविषयीं एकहि प्रश्न विचारावयाचा नाहीं, कामाविषयीं विचारावयाचें.

गेल्या वर्षीं कॉलेजच्या मुलांची खानावळ चालविणाऱ्या एक काकू आल्या होत्या. खुर्चीवर बसतांच म्हणाल्या, “मी काय सांगणार गुरुजी? चार पोळ्या लाटल्या, दुसरं काय केलं!” मीं विचारलें, “चार म्हणजे किती?” त्या थांबल्या. बोटांचीं पेरें मोजूं लागल्या. चाळीस मुलें, दोन वेळा, माणशीं चार. म्हणजे दिवसाला तीनशें वीस. किलोला बत्तीस पोळ्या या मापानें दहा किलो पीठ. तें मळावयास किती वेळ, तव्यांचीं जोडी कां लागते, एकोणीस किलोंचें धंद्याचें सिलिंडर किती दिवस पुरतें, दर महिन्याचा दर आधीं कसा बांधावयाचा, हें सारें त्या अर्धा तास सांगत राहिल्या. दर बांधतांना चाळिसांपैकीं दोन मुलें पैसे बुडविणार हें त्या धरूनच चालत. “ते दोघे कोण, हें दिवाळीपर्यंत कळतंच,” असें म्हणून हंसल्या; आणि तरी त्यांचें ताट बंद केलें नाहीं, हें त्यांनीं नव्हे, पुढें त्यांच्या एका जुन्या मेंबरानें कळविलें. मुंबईच्या गिरणगांवांतील खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें आणि त्यांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली, ही हकीकत मीं काकूंना सांगितली. त्या म्हणाल्या, “हे आधी कळलं असतं तर मी व्याजानं पैसे काढलेच नसते.” व्याजाचा दर त्यांनीं सांगितला, सावकाराचें नांव सांगितलें नाहीं, मींहि विचारलें नाहीं.

उपकेंद्रावरील एक निवृत्त परिचारिका आल्या, त्यांनीं तर आमच्या कार्यक्रमाला नवा कान दिला. लसीच्या पेटींत चार बाजूंस बर्फाच्या चार कुप्या ठेवतात. पण शीतपेटींतून काढलेली कुपी तशीच ठेवली तर कांहीं लसी गोठून निकामी होतात; म्हणून ती बाहेर ठेवून, मधून मधून कानाशीं हलवून पाहावी लागते. आंत पाणी खळखळलें म्हणजे ती पेटींत ठेवण्याजोगी झाली. बाईंनीं अशी एक कुपी बरोबर आणली होती. ती त्यांनीं मायक्रोफोनपाशीं हलविली; पहिल्यानें आवाज नाहीं, दहा मिनिटांनीं पुन्हां हलविली, नाहीं; आणि बोलण्याच्या ओघांत तिसऱ्या खेपेस हलविली तेव्हां बारीकसा खळखळ आवाज झाला. हिंदुस्थानांतील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजीं हावडा जिल्ह्यांत आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं देश पोलिओमुक्त असल्याचें प्रमाणपत्र मिळालें. या तारखा मला पाठ होत्या. त्यांमागें अशा किती कुप्या किती जणींनीं कानाशीं धरल्या असतील, तें त्या आवाजानें एकदम समजलें.

साधनांविषयीं थोडक्यांत सांगतों. एक मायक्रोफोन, एक लॅपटॉप, प्रतिध्वनि मोडण्यासाठीं भिंतींवर टांगलेल्या चार वाकळा, एवढेंच सामान. ऐकणाऱ्याच्या मोबाइलवर तासाभराच्या बोलण्यास साधारण २९ मेगाबाइट खर्ची पडतात. सिनेमाचीं गाणीं आम्ही लावीत नाहीं. त्यांच्या हक्कांचे पैसे भरण्याची ऐपत नाहीं. ऐकणारे कधीं चाळीस असतात, कधीं दोनशें. पाहुणीबरोबर आलेले यजमान, दीर, चिरंजीव यांना रस्त्यापलीकडच्या हॉटेलांत आमच्या खर्चानें चहा मिळतो. खोलींत बसावयास मिळत नाहीं. एका यजमानांनीं पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें स्वतःच दिलीं, तेव्हांपासून हा नियम आहे.

आतां ज्या गोष्टीमुळें मला हें काम अवघड वाटतें तिच्याकडे येतों. रेडिओवरचें बोलणें पूर्वीं बोललें कीं विरून जाई. आमचें राहतें. ध्वनिमुद्रण इंटरनेटवर ठेवलेलें असतें. पुण्यांतील जाऊ आणि मस्कतमधील भाचा तें महिन्यानंतरहि ऐकूं शकतात. किराणा मालाचें दुकान चालविणाऱ्या एका बाईंनीं सहज सांगितलें कीं, ज्या घराच्या दारावर सासऱ्यांच्या नांवाची पाटी आहे, त्या घराचें कर्ज आपण दुकानाच्या गल्ल्यांतून फेडलें. वाक्य एवढेंच. चौथ्या दिवशीं त्यांच्या चिरंजीवांचा फोन आला कीं, तें वाक्य काढून टाका, आजोबांच्या नांवाला कमीपणा येतो. मुलगा वाईट नव्हे. माझाच विद्यार्थी, आणि सरळ. मीं त्याला म्हटलें, “बाळ, वाक्य तुझ्या आईचें आहे. तिनें सांगितलें तर काढतों.” दोन दिवस कांहींच कळलें नाहीं. त्या घरांत त्या दोन दिवसांत काय झालें असेल, याचा विचार माझ्या मनांतून जाईना.

तिसऱ्या दिवशीं दुकान बंद करून बाई एकट्याच आल्या. आपलें वाक्य त्यांनीं कानाला यंत्र लावून दोनदां ऐकलें. मग विचारलें, “गुरुजी, यांत आणखी एक वाक्य घालतां येईल का?” पिशवींतून बँकेचा कर्ज फिटल्याचा कागद काढून त्यांनीं शेवटच्या हप्त्याची तारीख वाचून दाखविली. ती आम्हीं जोडली. मुलगा हल्लीं मला बाजारांत भेटतो, नमस्कार करतो, पण थांबून बोलत नाहीं.

याच्या उलटहि झालें आहे. दुसऱ्या एका बाई आपल्या सासरच्या पहिल्या वर्षांविषयीं अकरा मिनिटें बोलल्या. इतकें स्वच्छ, इतकें निर्भीड बोलणें आमच्या खोलींत पूर्वीं झालें नव्हतें, नंतरहि झालेलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या दारांत उभ्या होत्या, म्हणाल्या, “तेवढं राहूं द्या.” कां, तें मीं विचारलें नाहीं. त्यांच्या डोळ्यांदेखत तीं अकरा मिनिटें पुसलीं, प्रतहि पुसली, आणि त्या मंगळवारचा कार्यक्रम वीस मिनिटांत आटोपला. आमच्या तरुण तंत्रज्ञाचा जीव हळहळला. माझाहि हळहळला, परंतु जिचें वाक्य तिचाच त्याच्यावर हक्क, हा नियम दुकानवाल्या बाईंना लावला तो यांनाहि लावणें प्राप्त होतें.

संबोधनाचाहि एक प्रश्न असतो. येणाऱ्यांपैकीं निम्म्या माझ्या वर्गांत बसलेल्या. बाजारांत मी त्यांना “अगं” म्हणतों; खोलींत मात्र “आपण” म्हणतों. पहिल्यांदां ऐकून त्या हंसतात, आणि मग, कां कोण जाणे, जरा ताठ बसून बोलतात.

पुढील मंगळवारीं शिलाई यंत्रें दुरुस्त करणाऱ्या एक बाई येणार आहेत. त्यांनीं आमच्या श्रोत्यांना आधींच निरोप दिला आहे कीं, ज्यांचें यंत्र टांके सोडतें त्यांनीं घरीं तें चालवून मोबाइलवर त्याचा आवाज मुद्रित करून पाठवावा. शटल झिजलें आहे कीं नुसता तेलाचा प्रश्न आहे, तें त्या ऐकून सांगतील. आतांपर्यंत चौदा यंत्रांचे आवाज आले आहेत.