पदविकेनंतरचा मार्ग : थांबावे, शिकावे की महाविद्यालय बदलावे?

(तंत्रनिकेतनाच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज ज्या विषयावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केले आहे, तो वरवर पाहता साधा आहे. दहावीनंतर तीन वर्षे तंत्रनिकेतनात घालविली, पदविका हाती येण्याच्या बेतात आहे. आता पुढे काय? अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घ्यावा, की नोकरी धरावी? आणि शिकावयाचेच ठरले तर कोठे? ज्यांच्या घरी तीन पिढ्या पदवीधर आहेत, त्यांना याचे उत्तर जेवणाच्या पानावरच मिळते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात हा प्रश्न प्रथमच उभा राहत आहे. म्हणून त्याचा विचार चारचौघांत, उघडपणे झाला पाहिजे.

मी अभियंता नाही, वकील आहे. परंतु मध्येच महाविद्यालय बदलण्याचा अनुभव माझ्या पदरी आहे, आणि तो महाग पडलेला अनुभव आहे. कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिली दोन वर्षे मी जिल्ह्याच्या गावी पुरी केली आणि शहरातील एका महाविद्यालयाचे नाव ऐकून तिकडे धाव घेतली. विद्यापीठ निराळे होते. तेथे गेल्यावर कळले की माझे दोन विषय त्यांच्या अभ्यासक्रमाशी जुळत नाहीत; ते पुन्हा द्यावे लागतील. स्थलांतर प्रमाणपत्र यावयास चार महिने लागले. ते नाही म्हणून पात्रता नाही, आणि पात्रता नाही म्हणून शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे सरकेना. घरची दुभती म्हैस त्या वर्षी विकावी लागली. महाविद्यालय बदलले याचा मला पश्चात्ताप नाही; विचारपूस न करता बदलले, याचा मात्र आजही आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. पहिली गोष्ट अशी की, पदविका म्हणजे अर्धवट राहिलेली पदवी, हा समज मनातून काढून टाका. पदविका हे स्वतंत्र शिक्षण आहे. शासनाच्या बांधकाम खात्यातील कनिष्ठ अभियंत्याच्या पदासाठी स्थापत्य शाखेची पदविका चालते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली पदविकाधारकाला कारखान्यात विद्यावेतन घेऊन काम शिकता येते. म्हणून ज्याच्या घरची चूल त्याच्या पगाराची वाट पाहत आहे, त्याने नोकरी धरली तर त्यात कमीपणा नाही. परंतु हेही तितकेच खरे की, वरच्या श्रेणीच्या अनेक जागांचे दार पदवीवाचून उघडत नाही. आज थांबणे निराळे आणि कायमचे थांबणे निराळे.

याबाबतीत पूज्य बाबासाहेबांच्या चरित्रातील एक प्रसंग ध्यानात घेण्यासारखा आहे. १९१७ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. परंतु निघण्यापूर्वी, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळविली होती. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला, १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. त्यांच्या जिद्दीबद्दल आपण नेहमी बोलतो. त्यांच्या दूरदृष्टीकडेही पाहा. दार सोडून जाताना ते उघडे राहील, याची तजवीज त्यांनी आधी केली होती. नोकरी धरणाऱ्यानेही तेच करावे. थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश पदविकेनंतर काही वर्षांनीही मागता येतो. म्हणून गुणपत्रके जपावी, गणिताची वही फेकू नये आणि किती वर्षांनी परतावयाचे, हे आजच ठरवावे.

ज्यांना लगेच शिकावयाचे आहे त्यांना तीन गोष्टी सांगतो. थेट दुसऱ्या वर्षासाठी प्रवेश परीक्षा नाही. पदविकेचे गुण हीच गुणवत्ता. खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के व राखीव वर्गाला ४० टक्के गुणांची अट असते. पण ४० टक्क्यांवर अर्ज करता येतो, चांगली जागा मिळतेच असे नाही. तेव्हा उरलेल्या परीक्षेचा एकेक गुण मोलाचा आहे.

दुसरे, पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित तुमच्या वर्गमित्रांनी शिकलेले असते, तुम्ही नाही. शिवाय थेट प्रवेश पुष्कळदा उशिरा होतात आणि वर्ग पुढे गेलेले असतात. कार्यशाळेत सर्वांच्या पुढे असणारी आपली मुले गणितात अडखळतात, ती बुद्धी कमी म्हणून नव्हे. निकालाची वाट पाहण्याचे दोन महिने गणिताला द्या.

तिसरे, महाविद्यालयाच्या नावापेक्षा प्रवेशाचा मार्ग पाहा. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेली साध्या महाविद्यालयातील जागा आणि व्यवस्थापन कोट्यातून घेतलेली नामांकित जागा यांत शिष्यवृत्तीच्या दृष्टीने जमीनअस्मानाचे अंतर आहे. दुसऱ्या जागेला शिष्यवृत्तीचा आधार नाही. विनाअनुदानित संस्थेने किती शुल्क घ्यावे हे २०१५ च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. तो आकडा पाहिल्याशिवाय आणि पावती घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आणखी एक सापळा सांगतो. एक पदविका झाल्यावर दुसऱ्या शाखेची पदविका घेऊ लागलात, तर त्याच पायरीवरचे शिक्षण म्हणून शिष्यवृत्ती नाकारली जाते. पदविकेवरून पदवीला जाणे ही वरची पायरी आहे. तेथे ही अडचण नाही.

आता कागदपत्रे. राखीव जागेवरील व्यावसायिक प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रात त्याचा कायदा २००१ पासून अंमलात आहे. पदविकेच्या वेळी ज्यांचे काम नुसत्या जातीच्या प्रमाणपत्रावर भागले असेल, त्यांनी आजच पडताळणी समितीकडे अर्ज करावा. आपल्या समाजात आजोबांच्या दाखल्यावर एक नोंद, वडिलांच्या दाखल्यावर दुसरी आणि मुलाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ अशी तिसरी, हे नेहमीचे आहे. त्याने घाबरून जाऊ नका. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचे हक्क कायद्याने मिळाले आहेत. परंतु नोंदींची साखळी जुळवून दाखविण्याचे काम आपले आहे, आणि ते प्रवेशाच्या आदल्या दिवशी होत नाही. त्याचप्रमाणे, एखादी संस्था मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू लागली तर तिला लेखी विचारा. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ही प्रथा स्पष्टपणे मना केली आहे.

शेवटी, हा निर्णय कोणी करावा? मित्र जातो म्हणून जाऊ नका आणि शेजारी हसतील म्हणून थांबू नका. एका कोऱ्या कागदावर शुल्क, राहण्याजेवणाचा खर्च, मिळणारी शिष्यवृत्ती आणि ती हाती पडेपर्यंतचे महिने, हे चार आकडे लिहा. तो कागद आईवडिलांपुढे ठेवा. अक्षर न वाचणारी आईही घराचा हिशेब तुमच्यापेक्षा चांगला जाणते. माझ्या आईपुढे मी असा कागद कधी ठेवला नाही. ठेवला असता तर म्हैस गोठ्यात राहिली असती आणि मी वकीलही झालो असतो.

जय भीम!