हिम टाकायचं कुठे?

जानेवारीतली रात्र. कॅनडातल्या माँट्रियल शहराच्या एका निवासी गल्लीत टोइंगची गाडी हळूहळू पुढे सरकते आहे. तिचा भोंगा एक उंच, एक खालचा अशा दोन सुरांत वाजतो आणि त्याचा अर्थ गल्लीतल्या लहान पोरांनाही ठाऊक असतो. कुणी पायजम्यावरच जाड कोट चढवतं, कुणी बुटांच्या नाड्या न बांधताच जिना उतरतं. रस्त्याच्या कडेला नारिंगी पाट्या आधीच खोचलेल्या असतात: संध्याकाळी सात ते सकाळी सात इथे गाडी लावू नये. भोंगा ही शेवटची सूचना. त्यानंतरही जो येत नाही, त्याची गाडी उचलून जवळच्या दुसऱ्या गल्लीत ठेवली जाते आणि दंडाची पावती होते.

भोंगा वाजला म्हणजे हिम उचलायची वेळ झाली. ते नुसतं बाजूला सारणं वेगळं आणि उचलून नेणं वेगळं. या दोहोंतला फरक लक्षात घेतला, तरच शहराच्या हिवाळ्याचं गणित उमगतं.

रोजच्या बोलण्यात आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. इथे मात्र दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. आभाळातून भुरभुरतं ते हिम; ते फावड्याने लोटता येतं. चाकांखाली आणि बुटांखाली दाबलं गेलं, थोडं वितळून पुन्हा गोठलं, की त्याचा बर्फ होतो आणि तो डांबराला घट्ट धरून बसतो. म्हणून पहिले काही तास मोलाचे. हिम पडू लागताच मिठाच्या गाड्या बाहेर पडतात. पॉटचं आइस्क्रीम ज्यांनी घरी केलं आहे, त्यांना यामागचं शास्त्र नव्याने सांगायला नको. दुधाच्या डब्याभोवती बर्फ आणि खडेमीठ भरून हँडल फिरवताना बर्फ शून्याखालीच वितळू लागतो आणि दुधातली उष्णता ओढून घेतो. रस्त्यावरचं मीठही पाण्याचा गोठणबिंदू असाच खाली ढकलतं, म्हणजे हिम डांबराला चिकटत नाही. पण याला मर्यादा आहे. पारा उणे पंधराच्या आसपास गेला की मीठ इतकं मंद होतं की त्याचा उपयोग उरत नाही. मग बारीक खडी टाकतात. खडी काही वितळवत नाही, फक्त पायाला आणि चाकाला पकड देते.

मिठामागोमाग लोखंडी पात्यांच्या गाड्या येतात आणि हिम कडेला सारतात. अनेक शहरं इथेच थांबतात. माँट्रियलला थांबून चालत नाही. वर्षाला सरासरी दोन मीटरहून अधिक हिम पडतं आणि मधल्या काळात ते पुरेसं वितळत नाही. रस्ते आणि फुटपाथ मिळून सुमारे १०,००० किलोमीटर लांबी साफ करायची असते. रस्त्यावरून सारलेलं हिम जातं कुठे? फुटपाथच्या कडेला. तिथे त्याचा कमरेएवढा बांध तयार होतो. मोटारवाल्याची वाट मोकळी होते आणि काठी टेकत निघालेल्या आजींची बंद होते. बसथांब्यावर उतरणाऱ्याला तो बांध ओलांडावा लागतो. व्हीलचेअरवरच्या माणसाला तर तो ओलांडताच येत नाही. हिम हटवणं म्हणजे बरेचदा ते एकाच्या वाटेतून काढून दुसऱ्याच्या वाटेत टाकणं असतं, आणि या कामातला खरा प्रश्न हाच आहे.

म्हणून भोंगा वाजतो. गाड्या हलल्या की फुटपाथवरून जेमतेम फुटपाथच्याच रुंदीचा एक ट्रॅक्टर धडधडत येतो आणि तिथलं हिम रस्त्यावर लोटतो. मागून येणारा ग्रेडर त्याची एक लांब रास रचतो. मग येतं ते मुख्य यंत्र. त्याच्या तोंडाशी फिरणारे मळसूत्री दाते रास गिळत जातात आणि वरच्या वाकड्या नळीतून पांढरा फवारा शेजारून चालणाऱ्या ट्रकमध्ये पडतो. ट्रक भरला की तो निघतो आणि मागचा रिकामा त्याच्या जागी सरकतो. यंत्र क्षणभरच थबकतं. माँट्रियल ज्यात आहे त्या क्विबेक प्रांताच्या वाहतूक कायद्यात वर्षानुवर्षे अशी अट होती की वस्तीत हे यंत्र चालताना त्याच्या पुढे एक माणूस पायी चालला पाहिजे. कडाक्याच्या थंडीत रात्रभर, यंत्राच्या तोंडाकडे नजर ठेवून, एखादं मूल ढिगाऱ्यात खेळत तर नाही ना हे पाहत जाणारा माणूस. या साऱ्या यंत्रसामग्रीत लक्षात राहावा असा तोच.

हे यंत्र याच मातीतलं. आज माँट्रियलचा भाग असलेल्या सेंट लिओनार्डचे आर्थर सिकार्ड हे शेतकरी कुटुंबातले. शेतावरचं मळणी यंत्र पाहून त्यांना कल्पना सुचली: धान्य खेचून भुसा दूर फेकता येतो, तर हिम का नाही? १९२५ मध्ये त्यांनी यंत्र उभं केलं आणि १९२७ मध्ये पहिलं यंत्र शेजारच्या उत्रमाँ नगरपालिकेने विकत घेतलं.

यंत्रं कितीही असली तरी आधी कुणाचा रस्ता, हे माणसांनाच ठरवावं लागतं. रुग्णालयांकडे जाणारे आणि बसचे रस्ते आधी, निवासी गल्ल्या शेवटी, हा माँट्रियलचा क्रम. तो ढोबळमानाने सगळीकडे असाच असतो. पण क्रम चुकला की लोक विसरत नाहीत. जानेवारी १९७९ मध्ये शिकागोत दीड फुटाहून जास्त हिम पडलं, तेही आधीच्या थरावर. रस्ते दिवसेंदिवस अडून राहिले. गर्दी झालेल्या लोकल गाड्या वेळेवर धावाव्यात म्हणून त्या शहरातल्या काही स्थानकांवर न थांबताच पुढे नेल्या गेल्या आणि ती स्थानकं मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतली होती. थंडीत फलाटावर उभ्या माणसासमोरून गाडी निघून जाणं, ही काही सहज पुसली जाणारी आठवण नव्हे. फेब्रुवारीतल्या पक्षांतर्गत निवडणुकीत महापौर मायकल बिलांडिक हरले. जेन बर्न निवडून आल्या आणि शिकागोच्या पहिल्या महिला महापौर झाल्या.

स्वीडनमधल्या कार्लस्कूगा या छोट्या गावाने हा क्रमच उलटा करून पाहिला. तिथे लक्षात आलं की हमरस्ते आधी साफ केले की त्याचा फायदा मोटारीने कामावर जाणाऱ्यांना, म्हणजे जास्त करून पुरुषांना होतो. बाबागाडी ढकलत पाळणाघराकडे निघालेल्या बाया फुटपाथवर अडकतात. हिमातून मोटार हाकणं बाबागाडी ढकलण्याहून सोपं, हे कळायला मोठा अभ्यास लागत नाही. तरी ते आधी कुणी विचारलं नव्हतं. पाळणाघरांच्या, शाळांच्या वाटा आणि फुटपाथ आधी घेतले गेले. पुढे स्टॉकहोमनेही हे धोरण स्वीकारलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथे विक्रमी हिम पडून शहर ठप्प झालं, तेव्हा टीकाकारांनी खापर या धोरणावरच फोडलं. हा आरोप पटत नाही. एका दिवसात इतकं हिम आलं, तर कोणताही क्रम कोलमडणारच. आणि घसरून माकडहाड मोडतं ते बहुधा पायी चालणाऱ्याचंच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये माँट्रियलचीही अशीच परीक्षा झाली. चार दिवसांत लागोपाठच्या दोन वादळांनी ७० सेंटिमीटरहून अधिक हिम आणून टाकलं. सगळं उचलून नेणं दोन-चार दिवसांत होणारं कामच नव्हतं. बांधांमधून वाट काढत चालणारे म्हातारे, रस्त्याच्या मधून जाणाऱ्या व्हीलचेअर, हे चित्र बरेच दिवस राहिलं.

आणि उचललेलं हिम? हिवाळ्याला सुमारे तीन लाख ट्रक भरतात. पूर्वी ते सरळ सेंट लॉरेन्स नदीत ओतत. त्या हिमात रस्त्यावरचं तेल, टायरची झीज, कचरा आणि मीठ असतं. नदीसाठी आवाज उठला आणि ही प्रथा बंद झाली. आज काही हिम गटारांच्या मोठ्या वाहिन्यांत सोडतात. सांडपाणी कोमट असल्याने ते वाटेतच वितळतं आणि शुद्धीकरण केंद्राकडे जातं. बरंचसं जातं फ्रँकॉन नावाच्या जुन्या दगडखाणीत. शहराच्या ऐन वस्तीत चुनखडीची ही प्रचंड खाण आहे. आता तिच्या काठावरून ट्रक मागे घेत एकामागून एक खाली रिकामे होतात.

आपल्याकडे वसंत व्याख्यानमालांची गर्दी जमते, पंखे गरगरत असतात, त्या मे महिन्यात फ्रँकॉनमध्ये अजून डोंगर उभा असतो. तो पांढरा नसतो. वरचं हिम वितळत जातं तशी आतली खडी, माती, प्लॅस्टिक पृष्ठभागावर गोळा होतं आणि डोंगर काळाकुट्ट दिसू लागतो. तीच काळी साल उन्हापासून आतल्या गाभ्याचं रक्षण करते, म्हणून तो भर उन्हाळ्यातही तग धरतो. पायथ्याशी पाणी झिरपत राहतं. ते शुद्धीकरण केंद्राकडे वळवतात आणि तिथे गाळ आणि कचरा अडतो. विरघळलेलं मीठ मात्र अडत नाही. ते शुद्ध केलेल्या पाण्याबरोबर पुढे जातं आणि शेवटी सेंट लॉरेन्सलाच मिळतं.