विझलेल्या आकड्यांवर भिस्त नको

कवीने यंत्रावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण लाकडावर अक्षरे कोरणारे छोटे सीएनसी यंत्र आता गल्लीबोळांतही दिसू लागले आहे. नावाच्या पाट्या, देवघराची जाळी, दारावरची नक्षी अशी कामे टेबलाएवढ्या यंत्रावर होतात. माझ्या भाच्याने असे एक यंत्र हौसेने जमवले आहे. त्याच्याकडे बसून आणि वायरमनला प्रश्न विचारून जे समजले, ते आज सांगतो. अक्षरे कोरणाऱ्यांची बोटे शाबूत राहावीत, एवढाच हेतू.

यंत्रात कटर फिरवणारी जी मोटर असते, ती म्हणजे स्पिंडल. तिला घरातली वीज थेट देत नाहीत. मध्ये ड्राइव्ह नावाचा डबा असतो. आपली वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर दोन ध्रुवांची मोटर मिनिटाला फार तर ३,००० फेरे घेते. नक्षीकामाला वेग हवा असतो. म्हणून ड्राइव्ह २३० व्होल्टच्या एसीचे आधी डीसी करतो, ते कपॅसिटरमध्ये साठवतो आणि त्यातून हव्या त्या हर्ट्झची तीन फेजची वीज तयार करतो. ४०० हर्ट्झ दिले की स्पिंडल २४,००० फेऱ्यांच्या आसपास जाते. कपॅसिटरमधला दाब मात्र सव्वातीनशे व्होल्टच्या घरात असतो. हा आकडा ध्यानात ठेवावा.

डब्यावर लाल आकडे दिसतात. ते काय सांगतात? यंत्र थांबलेले असताना ४०० दिसले, तर त्याचा अर्थ बहुधा ‘सांगाल तेव्हा मी ४०० देईन’ एवढाच असतो. बऱ्याच ड्राइव्हवर अशा वेळी आकडा लुकलुकतो आणि स्पिंडल चालू झाल्यावर स्थिर होतो. बटण दाबले की तोच डिस्प्ले कधी हर्ट्झ, कधी फेरे, कधी अँपिअर दाखवतो. शेजारचा छोटा दिवा पाहून ते ओळखायचे. साध्या ड्राइव्हवरचे फेरे हे हर्ट्झवरून केलेले गणित असते. स्पिंडल खरोखर किती फिरते आहे, हे त्या डब्याला दिसत नाही.

एकदा भाच्याने विचारले, “मामू, मेन बंद केला तरी आकडे जात नाहीत. डबा बिघडला का?” उत्तर वायरमनने दिले, “बिघडला नाही, पोटात वीज शिल्लक आहे.” डिस्प्ले त्याच साठ्यावर काही सेकंद जगतो. साठा ओसरला की आकडे विझतात. पण विझले म्हणजे साठा संपला असे नव्हे. डिस्प्लेला पुरत नाही इतकी वीज माणसाला जबर झटका द्यायला पुरेशी असू शकते. म्हणून ड्राइव्हच्या झाकणावर पाच किंवा दहा मिनिटे थांबण्याची सूचना छापलेली असते. तेवढे थांबावे, आणि जाणकाराने मीटर लावून पाहिल्यावरच झाकण उघडावे.

दुसरी सवय मेन स्विचने स्पिंडल चालू-बंद करण्याची. रिकामे कपॅसिटर भरताना क्षणभर मोठा प्रवाह आत धावतो. त्याला आवर घालणारा रेझिस्टर पुन्हा पुन्हा तापला की ड्राइव्हचे आयुष्य घटते. आकडे विझण्याआधीच मेन परत लावला, तर ड्राइव्ह कमी व्होल्टेजची तक्रारही दाखवू शकतो. रोजचे काम रन आणि स्टॉपनेच करावे. ड्राइव्ह आणि स्पिंडल यांच्यामध्ये तर स्विच बसवूच नये. चालू असताना तो उघडला तर ड्राइव्ह जाण्याची भीती असते.

आता लाईट जाण्याचे पाहू. विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर लाईट गेली की सुटतो; परत आली की हिरवे बटण दाबावे लागते. मात्र ‘ऑटो’ लावला असेल, तर मोटर आपोआप सुरू होते. शेतकऱ्याला हे ठाऊक असते. काही ड्राइव्हही असेच वागतात. रनचा खटका लागलेलाच राहिला, तर वीज येताच स्पिंडल फिरू लागते. तेवढ्यात कोणाचा हात कटरवर असला तर? म्हणून या यंत्रालाही स्टार्टरसारखा, वीज गेली की सुटणारा कॉन्टॅक्टर बसवून घ्यावा.

क्रम सोपा आहे. आधी मेन, मग डिस्प्ले स्थिर होऊ द्यावा, मग रन. बंद करताना आधी स्टॉप, स्पिंडल पूर्ण थांबली की मेन. चालत्या स्पिंडलचा मेन तोडला, तर ती ब्रेक न लागता काही काळ नुसती फिरत राहते. कटर बदलायचा असेल तर स्टॉपवर विसंबू नये. मेन बंद करावा, कटर थांबलेला डोळ्यांनी पाहावा आणि मगच पाना हातात घ्यावा.