विस्मरणाचा रुग्ण अपघात विभागात जातो तेव्हा

(संस्थेच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्यापुढे मांडावयाचा विषय वैद्यकशास्त्रातला आहे आणि आम्ही तर बँकेतले कारकून, शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर. तेव्हा डॉक्टरी सल्ला देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु पेन्शनच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसाला म्हातारपण रोज जवळून दिसते. स्वतःची सही विसरलेले वृद्ध आणि त्यांचा हात धरून आलेली मुलगी किंवा सून आम्ही नेहमी पाहतो. त्यांच्या पिशवीतल्या औषधांविषयी वाचून, जाणकारांना विचारून जे समजले, तेच आपणांसमोर ठेवीत आहोत.

अल्झायमर या रोगाचे वर्णन जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली केले. तो समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन ही औषधे स्मृतीला काही काळ आधार देतात. आठवणीच्या कामी येणारे असेटिलकोलिन नावाचे द्रव्य या रोगात मेंदूत कमी पडते. ही औषधे त्या द्रव्याचे विघटन रोखतात, म्हणून ते अधिक वेळ टिकते. पण हे द्रव्य काही फक्त मेंदूतच काम करीत नाही. हृदयाचे ठोके तेच मंदावते, पोटातले आम्ल तेच वाढवते, आतड्यांना आणि मूत्राशयाला चालनाही तेच देते. म्हणजे ज्या गुणाने औषध उपयोगी पडते, त्याच गुणाने ते त्रासही देऊ शकते.

हा त्रास कसा दिसतो? आजोबा न्हाणीघरात भोवळ येऊन पडतात. घरचे म्हणतात, वय झाले, तोल गेला. दवाखान्यात हाडाचा एक्स-रे निघतो, प्लॅस्टर होते आणि आजोबा घरी येतात. भोवळ का आली, हा प्रश्न तसाच राहतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात हजारो वृद्ध रुग्णांच्या नोंदी तपासून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ही औषधे घेणाऱ्यांत भोवळ येऊन दवाखान्यात जाण्याचे प्रमाण दर हजारी वर्षाला सुमारे ३१, तर न घेणाऱ्यांत सुमारे १९ आढळले. मंद नाडी, पेसमेकर बसवणे आणि खुब्याचे हाड मोडणे, यांचेही प्रमाण अधिक होते. रक्तदाबासाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल, तर नाडी आणखी मंदावू शकते. म्हणून पडलेल्या रुग्णाचे हाड पाहताना त्याची नाडी मोजणे आणि ई.सी.जी. काढणेही तितकेच गरजेचे असते.

उलट्या, जुलाब, भूक मंदावणे हे त्रास नेहमीचे. परंतु गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारखी गोळीही चालू असेल आणि शौच डांबरासारखी काळी होऊ लागली, तर पोटात रक्तस्राव होत असल्याची शंका घ्यावी आणि वेळ घालवू नये. रिव्हास्टिग्मिनची त्वचेवर लावावयाची पट्टीही मिळते. जुनी न काढता नवी लावत गेल्यास मात्रा दुप्पट-तिप्पट होते. तेव्हा पाठ, दंड, छाती तपासून किती पट्ट्या आहेत ते पाहावे. काही दिवस औषध बंद राहिले असेल, तर पूर्वीच्याच मात्रेने परस्पर सुरू करू नये. आपल्या मनाने बंदही करू नये; दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच कराव्यात.

आता नव्या औषधांकडे वळू. लेकानेमॅब या शिरेतून देण्याच्या औषधाला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, तर डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये. या औषधांनी मेंदूला सूज येऊ शकते किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो. लेकानेमॅबच्या मुख्य चाचणीत १२.६ टक्के रुग्णांत अशी सूज आढळली. बहुतेकांना काही जाणवले नाही. पण काहींना डोकेदुखी, गोंधळ, अंधुक दिसणे, चालताना तोल जाणे असा त्रास झाला. हा धोका पहिल्या काही महिन्यांत अधिक असतो, आणि सी.टी. स्कॅनमध्ये न दिसणारा बिघड एम.आर.आय.मध्ये दिसू शकतो.

यातली खरी अडचण अशी, की ही लक्षणे पक्षाघातासारखी भासू शकतात. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून सगळी घाई असते. अमेरिकेतील एका ६५ वर्षांच्या रुग्णाला लेकानेमॅबचे तीन डोस झाले होते. पक्षाघाताची लक्षणे दिसली म्हणून हे इंजेक्शन दिले गेले आणि मेंदूत ठिकठिकाणी रक्तस्राव होऊन तो रुग्ण दगावला. ही हकिकत जानेवारी २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाली. आपल्यापैकी अनेकांचे आप्त परदेशी आहेत. तिकडे उपचार घेऊन इकडे आलेल्या वृद्धाच्या बाबतीत ही माहिती फार मोलाची ठरेल.

मित्रहो, इतर रुग्ण डॉक्टरांना सांगतो, मला अमुक गोळी चालू आहे. विस्मरणाचा रुग्ण नेमके तेवढेच सांगू शकत नाही. त्याच्या वतीने ते सांगणे हे घरच्यांचे काम आहे. याकरिता एका कागदावर औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख, मात्रा शेवटची कधी वाढवली, शिरेतून औषध घेतले असल्यास शेवटच्या डोसची तारीख आणि इतर सर्व गोळ्या लिहून ठेवाव्यात. एक प्रत रुग्णाच्या खिशात, एक दाराजवळ असावी. १०८ क्रमांकाची गाडी आली की तो कागद रुग्णाबरोबर गेलाच पाहिजे. आणि डॉक्टरांना एक वाक्य आवर्जून सांगावे: "काल सकाळपर्यंत हे असे नव्हते." कारण हा रोग सहसा हळूहळू वाढतो. एका रात्रीत वाढलेल्या गोंधळामागे औषध, संसर्ग किंवा दुसरे काही कारण असू शकते आणि त्यावर इलाजही असू शकतो.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती. औषधांच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे आपल्या घरातल्या थोरांना वाचता येत नाहीत, आपणांस येतात. येत्या रविवारी आपल्या वस्तीतील अशा एका घरी जा आणि तो कागद तयार करून द्या. या कामाला अर्धा तास पुरतो, आणि वेळप्रसंगी त्या अर्ध्या तासाने एक जीव वाचू शकतो.