दीर्घ शुश्रूषेचे रुग्णालय उभारताना



जुन्या रुग्णालयाची नव्याने उभारणी व्हावयाची म्हटले की पहिला प्रश्न खाटांचा निघतो. मी आज पावलांविषयी बोलणार आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोड्याजवळ जे आनंदवन आहे, त्याचा इतिहास पाहिला असता हाच प्रश्न आधी विचारावा असे मला वाटते.

बाबा आमटे व साधनाताई ह्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापिली, आणि १९५१ साली विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. जमीन खडकाळ; सोबतीस सहा रुग्ण, एक लंगडी गाय व गाठीस चौदा रुपये. रुग्णांनी विहीर खणली, भाजी पिकविली. पण ती विकत घेण्यास गाव धजेना. त्याच दशकात परदेशचे तरुण स्वयंसेवक तेथे येऊन राहिले. रुग्णालयाच्या भिंती त्यांनी बांधल्या, तेथलेच अन्न खाल्ले, आणि मग गावची भीती ओसरू लागली. भिंतींपेक्षा ते जेवण अधिक उपयोगी पडले म्हणावयाचे!

कुष्ठरोगावर आज औषध आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितली. सहा ते बारा महिन्यांच्या उपचाराने रोग बरा होतो. परंतु मृत झालेले मज्जातंतू त्याने जिवंत होत नाहीत. बधिर तळव्यात काटा मोडला तरी कळत नाही, तापलेल्या तव्याने बोट भाजले तरी हात मागे येत नाही, पापणी मिटत नाही म्हणून डोळा जातो. अशा मनुष्यास ‘बरा झालास’ म्हणून अनवाणी रानात धाडणे ह्यास मी उपचार म्हणत नाही.

म्हणून द्रव्य थोडे असेल तर प्रथम मऊ रबराच्या तळाची पादत्राणे करणारा कारागीर नेमावा. रोज पाय भिजवून तपासण्यास सखल ओटा व पाणी असावे. वेल्लोरास डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी स्नायुबंध वळवून आखडलेली बोटे सरळ करण्याची शस्त्रक्रिया रुजविली. पण तीनंतर कित्येक आठवडे बोटांस व्यायाम लागतो. व्यायाम शिकविणारा नसेल तर शस्त्रक्रियेचे मेज घेऊन काय करावयाचे?

दूर रानात आणखी एक गरज असते. गडचिरोलीच्या भामरागड भागात हेमलकसा येथे १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प चालला आहे. अशा ठिकाणी रुग्णाबरोबर घरची माणसेही येतात. त्यांस रांधण्यास व निजण्यास पडवी हवी.

यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, चपलेवर येत नाही. त्यामुळे आराखड्यात चपलांची खोली बहुधा मागे कोठाराशेजारी पडते. ती पुढल्या दाराशी आणावी, एवढीच माझी विनंती.