पाठ संपल्यानंतर

बी.एड.चा सरावपाठ तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत असताना पाहिला असेल. कडक इस्त्रीची साडी, गुंडाळलेला तक्ता, प्रस्तावनेचे चार प्रश्न, मग हेतुकथन. आणि शेवटच्या बाकावर आमच्यासारखे निरीक्षक.

बी.एड. एका वर्षाचं होतं तेव्हाची गोष्ट. पाचवीचा वर्ग, अपूर्णांकांची तुलना. एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, तीनपेक्षा चार मोठे, मग एक छेद चार मोठा ना?" छात्राध्यापिकेनं घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नंतर सांगते हं." टाचणात तो प्रश्नच नव्हता! मी शेरा लिहिला, 'फलकलेखन सुवाच्य. वेळेचे नियोजन चांगले.' आता हे 'नंतर' यायचं कधी? तिचा पुढचा पाठ दुसऱ्या शाळेत होता.

पुढे विद्यापीठाच्या अभ्यासक्रम समितीत आम्ही कोणत्या विषयाला किती गुण यावर तासन्‌तास भांडलो. मला मात्र तो मुलगा आठवत राहायचा. आमचे विद्यार्थी पाठ पुष्कळ घेत, पण आज न समजलेलं मूल उद्या त्यांना भेटतच नसे.

न्यायमूर्ती वर्मा आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला. २०१४ च्या नियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेतल्या कामाला २० आठवडे मिळाले, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. बदल योग्यच होता. पण नुसते आठवडे वाढवून काय होणार? कित्येक ठिकाणी आंतरवासिता म्हणजे रजेवरच्या शिक्षकांचे तास सांभाळणं!

आमच्या महाविद्यालयात आम्ही पाठांची संख्या कमी केली आणि प्रत्येक पाठानंतर अर्धा तास बसू लागलो. पहिला प्रश्न एकच, आज कोणाला काय समजलं नाही? उद्याचं टाचण त्या उत्तरावरून काढायचं. सहकारी कुरकुरले. शाळेतल्या बाईंनीही या चर्चेला बसावं, अशी आमची इच्छा होती. पण त्यांना लागोपाठ तास. वेळापत्रकात त्यांना मोकळी तासिका मिळाल्याशिवाय हे जमत नाही, आणि ती मिळवताना मुख्याध्यापकांकडे फार चकरा माराव्या लागतात.

एकदा एका छात्राध्यापकाच्या टाचणवहीत वाचलं, 'उद्या कागदाच्या दोन पट्ट्या. एकीचे तीन सारखे भाग, दुसरीचे चार.' मी शेरा लिहिला नाही. विचारलं, "दोन्ही पट्ट्या सारख्याच लांबीच्या आहेत ना?"

तो पट्टी घेऊन पुन्हा मोजायला बसला.