दोन धर्मांच्या घरातील मूल



राळेगणसिद्धीने पाणी अडवून दाखविले, हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. याच गावाने नापासाचा शिक्का बसलेल्या मुलांसाठी शाळेचे दार उघडले, ही गोष्टही तेवढ्याच मोलाची आहे. एका शेऱ्यावरून मुलाची पारख होत नाही, हा तिचा अर्थ. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये धर्माचाही एक रकाना असतो. आई एका धर्माची आणि वडील दुसऱ्या धर्माचे, अशा घरातील मूल त्या रकान्यापाशी अडखळते. आजचा विषय त्या मुलाचा आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीगोंद्याचे शेख महंमद आणि शिर्डीचे साईबाबा यांच्यापुढे हिंदू व मुसलमान दोघेही नतमस्तक होतात. ‘तुम्ही नेमके कोणाचे?’ असे संताला विचारण्यास कोणी धजत नाही. शेजारच्या घरातील लहान मुलाला मात्र तो प्रश्न सहज विचारला जातो.

अशाच एका घराची हकीकत महाराष्ट्राच्या संगीताच्या इतिहासात नमूद आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ बडोदे दरबारी गायक असताना सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. बडोदे सोडून उभयतांनी संसार मांडला. त्यांच्या पाच मुलांपैकी थोरल्याची सुरेश आणि अब्दुल रहमान अशी दोन्ही नावे सांगितली जातात. मुलींची नावे चंपाकली, गुलाब आणि सकीना. पुढे, १९२२ च्या सुमारास, ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. त्यानंतर ही भावंडे सुरेशबाबू माने, कृष्णराव माने, हिराबाई बडोदेकर, कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे या नावांनी लोकांना माहीत झाली.

घर दुभंगले आणि जुनी नावे मागे पडली. गायकी मात्र टिकली. हिराबाईंना किराणा घराण्याच्याच उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम लाभली. १९७० साली त्या पद्मभूषण झाल्या. सुरेशबाबू व हिराबाई यांच्याकडून ती विद्या प्रभा अत्रे यांच्यासारख्या शिष्यांपर्यंत पोहोचली. १९३७ साली निवर्तलेले खाँसाहेब मिरजेच्या दर्ग्यात विसावले असून तेथे दरवर्षी गायक-वादक त्यांच्या स्मरणार्थ सेवा रुजू करतात. आईचे कुलनाम आणि वडिलांची गायकी, यांतील कोणते त्या मुलांचे आणि कोणते परके, याची वाटणी कोण करू शकेल?

आज कायदा अशा घरांच्या पाठीशी आहे. १८७२ च्या कायद्यानुसार विवाह नोंदविताना आपण प्रचलित धर्मांपैकी कोणताही मानीत नाही, असे हिंदू-मुसलमान वधूवरांना जाहीर करावे लागे. विशेष विवाह अधिनियम, १९५४ मध्ये ती अट राहिली नाही. वधूला १८ व वराला २१ वर्षे पूर्ण हवीत आणि ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते; धर्म कोणालाच सोडावा लागत नाही. या कायद्याखाली झालेला विवाह हिंदू-मुसलमान किंवा हिंदू-ख्रिस्ती दांपत्याचा असेल, तर संपत्तीचा वारसा भारतीय वारसा अधिनियम, १९२५ प्रमाणे ठरतो. मुले आई व वडील या दोघांचीही वारस होतात. महाराष्ट्र शासनाने तर १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिण्याचा निर्णय घेतला आहे.

तथापि कायदा कचेरीत असतो आणि मूल गावात वाढते. शिक्षकाने त्याला वर्गात उभे करून ‘तू नक्की कोण?’ असे विचारू नये; जे विचारावयाचे ते आईवडिलांना, आदराने व एकांतात विचारावे. अधिकाऱ्याने अर्ज घेताना उपदेश न करता नियम समजावून सांगावा. पंचायत सदस्याने चावडीवरील कुजबुजीला वेळीच आवर घालावा. हे मूल एका आजीकडे दिवाळीचा फराळ आणि दुसऱ्या आजीकडे ईदचा शीरखुर्मा खाणार असेल, तर त्यात त्याचे काहीही उणे होत नाही. ते दोन्ही घरांचे पूर्ण नातवंड आहे.

त्या मुलाला आईवडिलांपैकी एकाची निवड करावयास लावू नये, एवढेच गावाकडे मागणे आहे. जून महिन्यात शाळा उघडेल तेव्हा असे एखादे मूल दाराशी उभे राहील. त्याला प्रथम त्याचे नाव विचारावे, आणि ते जे सांगेल त्याच नावाने हाक मारावी.